दत्तक मुलाचं व्हिसा-मेडिकल: आधी रक्त, मग लस

मुंबईत एका सकाळी उरकणाऱ्या कामासाठी, म्हणजे दत्तक भाचीच्या अमेरिकेच्या व्हिसासाठी लागणाऱ्या वैद्यकीय तपासणीसाठी, आम्ही दोनदा कसारा घाट उतरलो. कारण एकच, निघण्याच्या अकरा दिवस आधी भाचीला टोचलेल्या लसी. लसी चांगल्या, देणारे डॉक्टर चांगले, हेतूही चांगला. फक्त क्रम चुकला. त्यापायी बहिणीला रजा वाढवून घ्यावी लागली, परतीचं तिकीट बदलावं लागलं आणि दिल्लीतली व्हिसाची मुलाखत महिनाभर पुढे गेली. हा लेख मुख्यतः त्या क्रमासाठी लिहिते आहे. फॉर्म कुठला भरायचा हे दूतावासाच्या ईमेलमध्ये येतंच. कशाच्या आधी काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही.

माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान अमेरिकेचे नागरिक. दोघांकडे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते. कारामार्फत, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणामार्फत, नाशिक जिल्ह्यातल्या एका संस्थेतली साडेचार वर्षांची मुलगी त्यांच्या घरी आली. मेहुण्यांना लवकर परतावं लागलं. बहीण आणि भाची माझ्याकडे गंगापूर रोडला राहिल्या, आणि कागद गोळा करायची जबाबदारी आपसूक माझ्या गळ्यात पडली. खाली जे आहे ते अमेरिकेच्या व्हिसाबद्दल आहे. इतर देशांचं थोडक्यात शेवटाकडे सांगते.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी, कारण आपल्याकडे ती फार घडते. "भावाला मूल नाही, आमचा धाकटा त्याच्या ओटीत घालू, वकिलाकडून दत्तकपत्र करू आणि मग व्हिसा काढू" असं ठरवून लोक १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याखाली घरच्या घरी दत्तकविधान उरकतात. त्या एका दत्तकपत्रावर मुलाला अमेरिकेचा दत्तक व्हिसा मिळत नाही. भारत आणि अमेरिका दोघेही १९९३ च्या हेग दत्तक कराराने बांधलेले आहेत. भारतात तो २००३ पासून लागू आहे आणि अमेरिकेत २००८ पासून. त्यामुळे वाट काराच्याच दारातून जाते, मूल नात्यातलं असलं तरी. ही पायरी पक्की नसेल तर मेडिकलचा विचारही करू नका.

तपासणी नेमकी कधी करायची

ढोबळ क्रम असा. अमेरिकेतल्या पालकांची पात्रता मंजूर होते, मूल सुचवलं जातं, त्या विशिष्ट मुलासाठीच्या आय-८०० या अर्जाला तात्पुरती मंजुरी मिळते, दूतावास आपलं पत्र काराला देतो, कारा ना-हरकत प्रमाणपत्र देते. मग दत्तक आदेश. सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, म्हणजे नाशिककरांसाठी फेऱ्या कलेक्टर कचेरीच्या आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या. आदेशावरून नवीन जन्मदाखला, त्यावरून पासपोर्ट. मधल्या काळात करार पाळला गेल्याचं काराचं प्रमाणपत्र येतं. आणि मग व्हिसाची शेवटची मुलाखत.

मेडिकल बसतं ते पासपोर्ट हातात आल्यानंतर आणि मुलाखतीच्या आधी. तपासणीच्या कागदांवर पासपोर्टचा नंबर आणि पासपोर्टवरचंच नाव जातं. आधी करून ठेवावं म्हटलं तर मुदत आडवी येते: तपासणी साधारण सहा महिने चालते, टीबीच्या तपासणीतून मूल काही विशिष्ट वर्गांत पडलं तर तीनच. व्हिसाची मुदत मेडिकलच्या मुदतीपलीकडे जात नाही. म्हणजे मेडिकल जानेवारीत करून ठेवलं आणि बाकीचे कागद रेंगाळले, तर जुलैमध्ये पुन्हा सगळं पहिल्यापासून. उलट मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात तपासणीला गेलात आणि रक्ताचा अहवाल गडबडला, तर हातात दिवस उरत नाहीत. पासपोर्ट आला की त्याच आठवड्यात वेळ घ्यायची आणि मुलाखतीपर्यंत निदान तीन आठवडे मोकळे ठेवायचे, असा माझा हिशेब.

कोणते डॉक्टर, आणि 'सिव्हिल सर्जन'चा घोळ

तपासणी फक्त दूतावासाने नेमलेल्या पॅनेल फिजिशियनकडेच होते. यादी दूतावासाच्या संकेतस्थळावर असते आणि बदलत राहते, म्हणून वेळ घ्यायच्या दिवशीच ती पुन्हा पाहा. आपल्याला सोयीचं मुंबई. भारतातले अमेरिकेचे दत्तक व्हिसा दिल्लीच्या दूतावासात होतात, पण तपासणी मुंबईत करून मुलाखतीला दिल्लीला गेलेलं चालतं. दिल्लीसाठी ओझरहून विमान आहे, त्यामुळे मुलाला घेऊन पुन्हा मुंबई गाठायची गरज नाही.

आमच्या एका नातेवाइकांनी इंटरनेटवर वाचून ठामपणे सांगितलं, "सिव्हिल सर्जनचं सर्टिफिकेट लागतं, त्र्यंबक नाक्यावर सिव्हिलला जा, माझी ओळख आहे." त्यांनी वाचलं ते खोटं नव्हतं. अमेरिकेत राहून ग्रीन कार्ड मागणाऱ्यांची तपासणी करणाऱ्या तिथल्या डॉक्टरांना खरोखरच 'सिव्हिल सर्जन' म्हणतात. आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या सिव्हिल सर्जनांशी त्याचा काडीचा संबंध नाही. जिल्हा रुग्णालयाचं किंवा कितीही नामांकित बालरोगतज्ज्ञाचं प्रमाणपत्र या कामासाठी चालत नाही. जोडायला म्हणून मात्र ते उपयोगी पडतं.

नाशिकमध्येच गोळा करायचे कागद

इथे वेळ घाला. मुंबईच्या दवाखान्यात तुम्हाला जेमतेम काही तास मिळतात आणि "फाईल संस्थेत आहे, उद्या मागवते" याला तिथे अर्थ नसतो.

ओळखीचे कागद थोडेच: मुलाचा मूळ पासपोर्ट, दूतावासाकडून आलेलं पत्र किंवा ईमेल ज्यावर केस नंबर आहे (दिल्लीच्या केसचा नंबर इंग्रजी एनडब्ल्यूडी या अक्षरांनी सुरू होतो), व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाची पावती, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे दोन इंच बाय दोन इंचाचे फोटो, दत्तक आदेशाची प्रत आणि सोबत येणाऱ्या पालकाचा पासपोर्ट. फोटो नाशिकमध्येच काढा आणि जास्तीचे काढा. नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे ना, ते बोट ठेवून बघा. समजा मुलीचं नाव दीक्षा. संस्थेच्या फाईलमध्ये ते एका ई-ने लिहिलेलं असतं, लसीच्या कार्डावर आय-ने, पासपोर्टवर दोन ई-ने. शिवाय दत्तकानंतर मधलं नाव आणि आडनाव बदललेलं. जुनं नाव आणि नवं नाव एकाच मुलाचं आहे हे दाखवणारा कागद म्हणजे दत्तक आदेश. म्हणून तो बॅगेत तळाशी नाही, वर ठेवायचा.

वैद्यकीय कागदांत सगळ्यात वर एमईआर, म्हणजे काराच्या नमुन्यातला मुलाचा वैद्यकीय तपासणी अहवाल. पालकांनी मूल स्वीकारताना तो पाहिलेला आणि त्यावर सही केलेली असते, पण बऱ्याच जणांकडे फक्त स्कॅन असतो आणि त्यातली जोडपत्रं गळालेली असतात. संस्थेकडून पूर्ण प्रत मागा. त्याबरोबर हे विचारा: जन्मवजनाची नोंद, काचेच्या पेटीत ठेवलं असेल तर तिथलं डिस्चार्ज कार्ड, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी चे अहवाल, आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा अहवाल. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे, त्यामुळे तपासणी बहुधा झालेली असते. पण कागदावर नुसतं 'पॉझिटिव्ह' एवढंच लिहिलेलं असेल तर थांबा. ती प्राथमिक चाचणी असते. मूल नुसतं वाहक आहे की त्याला आजार आहे, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या चाचणीनेच कळतं. वाहक मुलाला सहसा काही त्रास नसतो, आजार असलेल्याला आयुष्यभर काळजी घ्यावी लागते. हा फरक मुंबईच्या डॉक्टरांसमोर तोंडी सांगण्यापेक्षा कागदावर नेलेला बरा.

अजून एक प्रश्न संस्थेला विचारायचाच आणि तो विचारताना लाजायचं नाही: मूल तिथे असताना कुठल्या मावशींना, ताईंना किंवा बरोबरच्या मुलाला टीबी झाला होता का? मुलाला कधी टीबीची गोळी किंवा पातळ औषध दिलं होतं का? टीबी असलेल्याच्या सहवासात आलेल्या मुलाचा वर्ग वेगळा ठरतो आणि तपासणीची मुदतही बदलते. हे लपवून काही साधत नाही. औषधाची जुनी नोंद पुढे कधीतरी निघतेच, आणि तेव्हा ती तुमच्या सोयीच्या वेळी निघत नाही.

मुलाचा चष्मा, चालू औषधांची यादी, ऑपरेशन झालं असेल तर त्याचा सारांश, जुने एक्स-रे असतील तर तेही. विशेष गरजा असलेलं मूल असेल तर थेरपिस्टचा अहवाल.

टीबी: सगळं ज्यावर अडतं

व्हिसाचं मेडिकल म्हणजे मुलाची संपूर्ण तपासणी, असा समज असेल तर तो सोडून द्या. अमेरिकेला यातून मुख्यतः दोन गोष्टी बघायच्या असतात: मूल काही संसर्गजन्य आजार घेऊन येतंय का, आणि पालकांना माहीत असायला हवी अशी मोठी व्याधी आहे का. रक्तातलं हिमोग्लोबिन, जंत, वाढीचा वेग, बोलण्यातलं मागेपण यातलं काही तिथे खोलात बघितलं जात नाही. भारतातून जाणाऱ्या मुलांसाठी त्यातला कळीचा भाग म्हणजे टीबी.

नियम वयावर चालतो. दोन वर्षांखालचं मूल असेल तर फक्त अंगाची तपासणी आणि पूर्वेतिहास. लक्षणं, एचआयव्ही किंवा टीबी रुग्णाचा सहवास असेल तरच पुढे. दोन ते चौदा वर्षांच्या मुलांची इग्रा नावाची रक्ततपासणी होते, कारण भारतात टीबीचं प्रमाण त्यांच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लाख लोकांत वर्षाला २० रुग्ण, पुष्कळ जास्त आहे. पंधरा आणि त्यापुढच्या सगळ्यांचा छातीचा एक्स-रे.

वय म्हणजे कागदावरचं वय. संस्थेत आलेल्या, आईवडिलांचा पत्ता नसलेल्या मुलांची जन्मतारीख बरेचदा डॉक्टरांच्या अंदाजाने ठरलेली असते. तपासणीच्या दिवशी त्या तारखेनुसार मूल दोन वर्षांचं झालं असेल, तर रक्त द्यावं लागणार. काही पालक 'दोन पूर्ण व्हायच्या आत उरकून घेऊ' म्हणतात. कागद तयार असतील तर जरूर करा, पण त्यासाठी ऊर फुटेस्तोवर धावू नका. ही चाचणी काही एवढी भीतीदायक नाही.

इग्रा म्हणजे कोपराच्या खाली हातावर टोचून दोन दिवसांनी फुगवटा मोजतात ती मॅन्टू चाचणी नव्हे. आपल्याकडे जवळपास प्रत्येक बाळाला जन्मतःच बीसीजी ही टीबीविरोधी लस देतात, आणि त्या लसीमुळे मॅन्टू खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते. इग्रावर बीसीजीचा परिणाम होत नाही. त्यामुळे "दंडावर बीसीजीचा व्रण आहे, मग पॉझिटिव्हच येणार" ही भीती सोडा. आणि हौसेने नाशिकमध्ये आधी मॅन्टू करून घेऊ नका. त्याने हाती फक्त एक गोंधळात टाकणारा कागद लागतो.

आता आमची चूक. भाचीच्या लसीकरणाच्या कार्डावर गोवर-रुबेलाचे दोन डोस होते. सरकारी लसीकरणात गालगुंडाची आणि कांजिण्यांची लस नसते. आम्ही सगळं नीट करून निघावं म्हणून जवळच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी कार्ड बघून एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी देऊन टाकली. या दोन्ही जिवंत विषाणूंच्या लसी. अशी लस दिल्यावर काही आठवडे शरीराची प्रतिक्रिया मंदावते आणि इग्राचा निकाल भरवशाचा राहत नाही. म्हणून नियम असा की रक्त एकतर जिवंत लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी घ्यायचं, नाहीतर किमान चार आठवडे थांबायचं. मुंबईच्या डॉक्टरांनी कार्डावरची तारीख पाहिली, बोटावर मोजलं आणि पेन खाली ठेवलं. बाकीची तपासणी झाली, रक्त राहिलं. भाची खूश, कारण सुई टळली. बहीण बाहेरच्या बाकड्यावर बसून बराच वेळ विमान कंपनीच्या ॲपकडे बघत राहिली.

म्हणून: मुलाला नाशिकमध्ये कोणतीही नवीन लस देण्याआधी मुंबईच्या दवाखान्यात फोन करून विचारा. तोंडातून दिला जाणारा पोलिओचा डोससुद्धा जिवंत लस आहे. पोलिओ रविवारी दारावर येणाऱ्या ताईंना नाही म्हणायचं का, हे डॉक्टरांनाच विचारा. स्वतःच्या मनाने कुठलाच निर्णय घेऊ नका.

निकाल पॉझिटिव्ह आला तर

घाबरून घर डोक्यावर घेऊ नका. पॉझिटिव्ह इग्राचा अर्थ टीबीचे जंतू कधीतरी शरीरात शिरलेत, आजार झाला असं नव्हे. पुढे एक्स-रे होतो. लहान मुलांचा समोरून आणि बाजूने असा दोन्हीकडून. एक्स-रे स्वच्छ, लक्षणं नाहीत, तर मुलाला सुप्त संसर्गाचा वर्ग मिळतो आणि व्हिसा अडत नाही. पुढचं औषध कधी नि कुठे सुरू करायचं ते डॉक्टर सांगतात.

एक्स-रे संशयास्पद असेल तर थुंकीचे तीन नमुने घेतात. चिमुरड्यांना थुंकी काढता येत नाही, तेव्हा सकाळी उपाशीपोटी नळीने पोटातला द्रव घेतात. सूक्ष्मदर्शकाखालचा निकाल लवकर मिळतो, जंतू वाढवून पाहण्याच्या कल्चर चाचणीला मात्र आठ आठवड्यांपर्यंत जातात. इथे दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना एक सवलत आहे आणि ती पुष्कळांना माहीत नसते: थुंकीत जंतू दिसले नाहीत, फुप्फुसात पोकळी नाही, आजार फार पसरलेला नाही आणि जोराचा, रेंगाळणारा खोकला नाही, तर कल्चरचा निकाल यायच्या आधीही मूल प्रवास करू शकतं. डॉक्टर आपणहून बोलले नाहीत तर तुम्ही विचारा.

आणि संशय आला म्हणून नाशिकला परतून कुणाच्या सल्ल्याने परस्पर टीबीची औषधं सुरू करू नका. नमुने घेण्याआधी औषध पोटात गेलं की कल्चरला अर्थ उरत नाही. मूल खरंच आजारी असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा व्हिसा गेला खड्ड्यात. पण तेव्हाही पॅनेल डॉक्टरांशी बोलूनच.

लसींचं प्रतिज्ञापत्र

अमेरिकेत कायमच्या वास्तव्याला जाणाऱ्याला वयानुसार लसींची यादी पूर्ण करावी लागते. पण दहा वर्षांपर्यंतच्या दत्तक मुलांना कायद्यानेच सूट आहे. पालक डीएस-१९८१ हे प्रतिज्ञापत्र सही करून देतात: मूल अमेरिकेत पोचल्यावर ३० दिवसांच्या आत, किंवा वैद्यकीयदृष्ट्या योग्य होईल तेव्हा, राहिलेल्या लसी देऊ. सही नोटरीसमोर किंवा दूतावासातल्या अधिकाऱ्यासमोर करायची असते, म्हणून आधीच घरी बसून खालची रेघ भरू नका. आम्हाला हे आधी कळलं असतं तर त्या दोन लसींची घाईच केली नसती.

सूट घेतली तरी जुनं कार्ड न्यायचंच. ज्या डोसची लेखी, तारखेसकट नोंद आहे तोच डॉक्टर अहवालात धरतात. "सगळ्या लसी झाल्यात हो" हे संस्थेतल्या ताईंचं वाक्य कितीही खरं असलं तरी त्याला किंमत शून्य. कार्डावर कुठे नुसती बरोबरची खूण असेल तर संस्थेच्या रजिस्टरमधून तारीख काढून, शिक्का मारून घ्या. मूल अकरा वर्षांचं किंवा मोठं असेल तर ही सूट नाही. त्याच्या राहिलेल्या लसी तपासणीच्या वेळी दवाखान्यातच देतात, आणि तिथे रक्त आधी घेण्याचं भान त्यांना असतं.

तपासणीचा दिवस

सकाळच्या पंचवटीने जाऊन त्याच दिवशी परतणं मोठ्यांना जमतं. मुलाला घेऊन आदल्या संध्याकाळी मुंबई गाठा. आम्ही पहिल्या खेपेला पंचवटीने गेलो, भाची आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेत बसली होती, खिडकी सोडायला तयार नव्हती, आणि दादरला उतरेपर्यंत तिची झोपेची वेळ झाली होती. दवाखान्यात तिने भोंगा पसरला तो त्यामुळे, डॉक्टरांमुळे नव्हे. दुसऱ्या खेपेला शहाणपण आलं.

इग्रासाठी उपाशी राहायची गरज नाही. उलट पोटभर खाऊ घाला, पाणी पाजा. शीर सापडायला सोपं जातं. तरी दवाखान्याने वेगळं सांगितलं असेल तर तेच ऐका. रक्त साधारण चार मिलिलिटर, चार छोट्या नळ्यांत. मुलाच्या डोळ्यांना चार नळ्या म्हणजे फार. टोचायच्या जागेवर लावायचं बधिर करणारं मलम मिळतं. आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारून ते तासभर आधी लावून नेलं तर बराच फरक पडतो.

कपडे काढून पूर्ण अंग तपासतात, गुप्तांगंही बाहेरून बघतात. संस्थेत वाढलेल्या मुलाला अनोळखी माणसासमोर उघडं होणं फार जड जातं, आणि का ते आपल्याला पूर्ण माहीत नसतं. हे आदल्या रात्रीच त्याच्या भाषेत सांगा, डॉक्टर मराठी बोलतीलच असं धरू नका, आणि आई किंवा बाबा खोलीत राहतील असा आग्रह धरा. दुसऱ्या खेपेच्या आदल्या रात्री मी बाहुलीच्या हातावर पट्टी बांधून भाचीला दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, हिला चार नळ्या नाही झाल्या." मग आणखी तीन वेळा टोचल्याचं नाटक झालं. सकाळी तिने हात आपणहून पुढे केला. रडली, पण हात मागे घेतला नाही.

पाठीच्या खालच्या भागावर, कुल्ल्यांवर निळसर-करडे डाग असतील तर ते अहवालात लिहायला सांगा. आपल्याकडे ते जन्मजात आणि अगदी सर्रास असतात. परदेशात शाळेतल्या बाईंना किंवा एखाद्या डॉक्टरला ते मारहाणीचे वळ वाटू शकतात. दोन ओळींची नोंद पुढचा मोठा मनस्ताप वाचवते.

अहवालात काय येतं

आजार दोन वर्गांत पडतात. क्लास ए म्हणजे व्हिसा अडवणारा: संसर्गजन्य अवस्थेतला टीबी, उपचार न झालेला संसर्गजन्य कुष्ठरोग वगैरे. अशा केसमध्येही उपचार पूर्ण करून किंवा सवलतीचा अर्ज करून वाट निघते, वेळ मात्र जातो. क्लास बी म्हणजे दखल घेण्याजोगी व्याधी: हृदयाला छिद्र, फिट्स, ऐकण्यातला दोष. याने व्हिसा नाकारला जात नाही. पालकांना हे माहीत आहे ना, एवढं अधिकारी बघतात. एमईआरमध्ये नसलेली गोष्ट इथे पहिल्यांदा समोर आली तर दत्तकाचं काम बघणाऱ्या एजन्सीला लगेच लेखी कळवा. एचआयव्ही २०१० पासून अडवणाऱ्या यादीत नाही आणि ती चाचणी सक्तीचीही नाही.

अहवाल बहुतेक वेळा दवाखान्यातून ऑनलाइन थेट दूतावासाकडे जातो. हातात बंद पाकीट दिलं तर ते फोडायचं नाही, कोपऱ्यातून डोकवायचंही नाही. मात्र लसींच्या नोंदीची स्वतःसाठी एक प्रत मागून घ्या. ती तिथल्या शाळेत लागते.

दुसऱ्या देशांचं थोडक्यात. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाचीही स्वतःची पॅनेल असतात आणि छातीचा एक्स-रे साधारण अकरा वर्षांपासून पुढे. ऑस्ट्रेलिया त्याहून लहान मुलांचीही, दोन वर्षांपुढे, टीबीची चाचणी मागते. ब्रिटनला फक्त टीबीचं प्रमाणपत्र लागतं, तेही त्यांनी मान्य केलेल्या केंद्रातूनच, आणि अकरा वर्षांखालच्या मुलांचा सहसा एक्स-रे काढत नाहीत. एका देशाच्या डॉक्टरांचा अहवाल दुसऱ्या देशाला चालत नाही, डॉक्टर एकच असले तरी.

निघताना एक्स-रे काढला असेल तर त्याची सीडी, लसीचं मूळ कार्ड, एमईआर आणि सिकलसेलचा अहवाल हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन सामानात नाही. पोचल्यावर दोन-तीन आठवड्यांत तिथल्या बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्या, आणि ती इथून निघण्याआधीच घ्या. हिमोग्लोबिन, शिसं, जंत, हिपॅटायटिस, डोळे, कान ही खरी सविस्तर तपासणी तिथे होते. ३० दिवसांतल्या लसींचं वचनही त्याच भेटीत पुरं करता येतं. भाचीच्या तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत कार्डावरच्या एमएमआरच्या तारखेवर बोट ठेवून विचारलं, "ही एवढी अलीकडे का दिली?" बहिणीने मला तिथूनच फोन लावला.